दम्याच्या औषधांची मोजणी दवाखान्यातच व्हावी

संपादक महोदय,

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन असतो आणि त्या सुमारास वृत्तपत्रांतून धूळ, धूर व परागकण टाळण्याचे सल्ले छापून येतात. सल्ले योग्यच असतात. पण दम्याच्या उपचारात गेल्या काही वर्षांत झालेला सर्वांत मोठा बदल त्यांत सहसा दिसत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी छातीविकारांचे रुग्ण तपासताना असे जाणवते की, तो बदल पुष्कळशा दवाखान्यांपर्यंतही पोहोचलेला नाही.

सालब्युटामॉल हे औषध १९६९ पासून वापरात आहे. ते श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते आणि रुग्णाला लगेच मोकळे वाटते. मात्र दम्याचे मूळ श्वासनलिकांच्या आतील सुजेत असते आणि त्या सुजेवर हे औषध काहीही करीत नाही. रुग्णाला बरे वाटत राहते, सूज वाढत राहते, हे औषध श्वासावाटे देणाऱ्या पंपाचा (इनहेलरचा) वापरही वाढत जातो, आणि एखाद्या रात्री झटका इतका तीव्र येतो की नेहमीचा पंप अपुरा पडतो. म्हणूनच ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले की, प्रौढांना व १२ वर्षांवरील मुलांना दमा सौम्य असला तरी केवळ सालब्युटामॉलवर ठेवू नये. त्यांच्या उपचारात श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड असलेच पाहिजे. त्यासाठी बुडेसोनाइड (स्टेरॉइड) व फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका सैल करणारे औषध) एकत्र असलेला पंप त्रास होईल तेव्हा वापरण्याचा मार्ग तिने पुढे ठेवला. याला २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिग्मा’ चाचण्यांचा आधार होता. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपाच्या तुलनेत या एकत्रित पंपाने तीव्र झटक्यांचे प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या चाचणीत रोज स्टेरॉइड घेणाऱ्यांइतकेच संरक्षण मिळाले आणि त्यासाठी स्टेरॉइडची मात्रा जेमतेम चौथा हिस्सा लागली. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनीही नोव्हेंबर २०२४ मध्ये हीच भूमिका स्वीकारली. तीव्र दम्यासाठी आलेल्या नव्या जैविक इंजेक्शनांची चर्चा परिषदांत अधिक होते, परंतु त्यांची किंमत पाहता आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांशी त्यांचा संबंध नाही.

आपल्याकडील चित्र केवळ सालब्युटामॉलच्या पंपावर राहण्याहूनही बिकट आहे, कारण येथे पंपाऐवजी सालब्युटामॉलच्या गोळ्या, खोकल्याची सिरप आणि दवाखान्यात घेतलेली नेब्युलायझरची वाफ यांवरच वर्षे निघून जातात. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, हे समज घरोघरी आहेत; आणि खेदाने नमूद करावे लागते की काही डॉक्टरही ते खोडून काढत नाहीत. रोटाकॅप (श्वासावाटे घ्यायच्या औषधाच्या भुकटीची कॅप्सूल) यंत्रात न घालता पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण प्रत्येक छातीविकारतज्ज्ञाने पाहिले असतील. देशभरातील सर्वेक्षणांतून निदान न झालेल्यांचे प्रमाण मोठे असल्याचे आणि दम्याचे निदान झालेल्यांतही रोज श्वासावाटे स्टेरॉइड घेणारे १० टक्क्यांहून कमी असल्याचे दिसले आहे. जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. या दोन आकड्यांमधील अंतर केवळ प्रदूषणाने स्पष्ट होत नाही.

बुडेसोनाइड व फॉर्मोटेरॉलचा एकत्रित पंप राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. किमतीचा प्रश्न खरा आहे: गोळ्या काही रुपयांत मिळतात, पंपाला काही शे रुपये पडतात. पण झटका येऊन एकदा रुग्णालयात भरती झाल्यास किती महिन्यांच्या पंपांचा खर्च निघून जातो, हे कुटुंबाला कोणी सांगत नाही.

ज्ञान आहे, औषधही आहे, तरी चिठ्ठी बदलत नाही. अशा वेळी आणखी व्याख्याने ठेवून फारसे साधत नाही, असे माझे मत आहे. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१४ मध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा कागदोपत्री तपास प्रसिद्ध केला. ज्या १६५ जणांच्या आराम देणाऱ्या पंपांची नोंद सापडली, त्यांपैकी ३९ टक्के लोकांना मृत्यूपूर्वीच्या वर्षात १२ पेक्षा अधिक पंप लिहून दिले गेले होते. म्हणजे धोका चिठ्ठ्यांवर महिनोन्महिने दिसत होता, फक्त कोणी बेरीज केली नव्हती. फिनलंडने तर १९९४ ते २००४ या दहा वर्षांत राष्ट्रीय कार्यक्रम राबवून दम्यासाठीचे रुग्णालयातील दिवस निम्म्याहून कमी केले. त्यात नवे औषध नव्हते. लवकर निदान, सुजेवरचा उपचार पहिल्या दिवसापासून, आणि डॉक्टर, परिचारिका व औषधविक्रेते या सर्वांना एकाच पद्धतीचे प्रशिक्षण, एवढेच होते.

आपल्याकडे ब्रिटनसारखी चिठ्ठ्यांची मध्यवर्ती नोंद नाही. फाइल रुग्णाच्या पिशवीत असते आणि सालब्युटामॉल चिठ्ठीशिवायही मिळते. म्हणून मोजणी दवाखान्यातच करावी लागेल. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट तास मिळवावे लागतात आणि ते प्रामुख्याने परिषदांना हजर राहून मिळतात. माझी सूचना अशी की, यातील काही तास स्वतःच्या कामाच्या तपासणीसाठी द्यावेत. डॉक्टरांनी आपल्याकडील दम्याचे लागोपाठचे ३० रुग्ण घ्यावेत. किती जण केवळ सालब्युटामॉलवर आहेत, किती जणांनी पंप कसा वापरायचा हे समोर करून दाखवले, त्रास वाढल्यास काय करायचे हे किती जणांकडे मराठीत लिहिलेले आहे, एवढेच नोंदवावे. उणीव दिसेल तेथे एखादा बदल करावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. गर्दीच्या ओपीडीत यासाठी वेळ नाही, हा आक्षेप मला मान्य आहे, पण हे काम प्रशिक्षित परिचारिका किंवा कंपाउंडरही करू शकतो. नोंदीत रुग्णांची नावे नसावीत आणि आकडे वाईट आले म्हणून कोणावर कारवाई होऊ नये. तशी भीती असेल तर कागदावर सगळेच छान दिसेल.

हे पत्र वाचणाऱ्या रुग्णांनी कृपया हातातला पंप किंवा सुरू असलेले औषध आपल्या मनाने बंद करू नये. तीव्र झटक्यात सालब्युटामॉलची वाफ आजही योग्यच आहे, आणि १२ वर्षांखालील मुलांचे उपचार वेगळ्या हिशेबाने ठरतात. सालब्युटामॉलचा पंप वर्षात तीन किंवा अधिक लागत असतील, तर मात्र रिकामे पंप सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

वैद्यक परिषदेचा निर्णय होईल तेव्हा होवो. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या एखाद्या तालुका शाखेने ऊसतोडीनंतर पाचट पेटवण्याच्या हंगामात, जेव्हा आमच्याकडे धाप लागलेल्या रुग्णांची रांग वाढते, ही मोजणी करून पाहायचे ठरवले, तर नोंदीचा तक्ता तयार करून देण्याची व आलेले आकडे एकत्र मांडण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक छातीविकारतज्ज्ञ, सांगली