हीटर तीनवर ठेव

॥ श्री ॥

दहिवडी, जि. सातारा
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. सोनीस,
अनेक आशीर्वाद.

संक्रांतीच्या दिवशी फोनवर मी ओरडलो. विसरून जा म्हणणार नाही, कारण माझ्याही डोक्यातून ते गेलेलं नाही. सणाच्या दिवशी लेकीनं तिळगूळ घ्या म्हणायला फोन करावा आणि बापानं “पैसे कशाला पाठवलेस, तुला कुणी मागितले होते?” म्हणून अंगावर जावं, हे बरं झालं नाही. तू “नेटवर्क जातंय” म्हणालीस आणि फोन ठेवलास. नेटवर्क गेलं नव्हतं, एवढं मला कळतं. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलोय. लिहून झालं की पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो. अक्षर लागलं नाही तर मोठं करून वाच.

हीटरबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलंय. आईनं तशी ताकीदच दिली आहे.

पैसे मिळाले. तीनशे युरोचे एकतीस हजार आणि वर काही. बँकेत जाऊन पासबुकात एन्ट्री मारून आणली. खरं सांगू? घरी येताना डेपोसमोर चहाला थांबलो आणि चौघांना ते पासबुक काढून दाखवलं. एसटीत कंडक्टर म्हणून चौतीस वर्षं लोकांचे पैसे मोजले, रात्री वेबिलाला रुपया कमी भरला तर स्वतःच्या खिशातून घातला, पण पासबुकातली एक ओळ पुन्हा पुन्हा वाचावी असं कधी झालं नव्हतं. आईनं पेढे आणले, पासबुक देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. त्या पानावर अजून कुंकवाचं बोट आहे.

मग रात्री झोप येईना म्हणून वही घेऊन हिशेब मांडला. तूच सांगितलेले आकडे. जर्मनीच्या व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या त्या बंद खात्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. खोलीचे ३६० गेले. विम्याचे दीडशेच्या घरात. घरात टीव्ही नसला तरी टीव्ही-रेडिओची वर्गणी १८ युरो ३६ सेंट, तिघींत वाटून तुझ्या वाट्याला ६ युरो १२ सेंट. फोनचे १०. सेमिस्टरसाठी दर महिन्याला ५० बाजूला. उरले ४१५ युरो ८८ सेंट. त्यात खाणं-पिणं, साबण, कपडे, वह्या, दुखलं-खुपलं सगळं आलं. बेकरीतले पैसे तर पुढच्या वर्षासाठी ठेवायचे असं तूच म्हणाली होतीस, कारण तिथे राहायचा परवाना वाढवून घेताना खर्चाची सोय आहे हे पुन्हा दाखवावं लागतं. पहिल्या वेळचे ११,९०४ युरो उभे करताना आपली काय धावपळ झाली ते तुझ्या ध्यानात आहेच. मग हे तीनशे आले कुठून?

पेन तिथंच थांबलं, आणि फोनवरची तुझी कानटोपी आठवली.

इथे रात्रीचे साडेनऊ, म्हणजे तुझे संध्याकाळचे पाच. तुझ्या मागच्या खिडकीत मिट्ट काळोख होता. तू कानटोपी घालून, जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढून, हात बाह्यांत आत घेऊन बसली होतीस. घरात! आईला वाटलं, नुकतीच बाहेरून आलीस. मी तुझ्या पायाकडे बघत होतो. मोजे होते, बूट नव्हते. बाहेरून आलेली नव्हतीस.

म्हणजे हीटर बंद होता.

आता निघालंच आहे तर लिहितो, आई रागावली तर रागावू दे. आपल्या डेपोतल्या मेकॅनिकचा पुतण्या तिकडे पाच वर्षं आहे. त्याला मी फोन केला. तुला आवडणार नाही, पण केला. तो म्हणाला, भिंतीला लोखंडी पंख्यांसारखा हीटर असतो, त्याच्या टोकाला गोल मूठ असते, तिच्यावर १ ते ५ आकडे असतात आणि एक बर्फाचं फूल. फुलावर मूठ ठेवली की हीटर नुसता पाईप गोठू नयेत एवढाच चालतो. तीनवर ठेवली की खोलीत साधारण २० अंश राहतात. तुझी मूठ फुलावर आहे ना? खरं सांग.

आणखी एक गोष्ट त्यानं नीट समजावली. हीटरचे पैसे भाड्याबरोबर दर महिन्याला आगाऊ घेतलेलेच असतात, वर्षाकाठी मीटर बघून कमी-जास्त करतात. त्यातही बिलाचा काही भाग खोलीच्या मापानं सगळ्यांवर बसतोच, तू हीटर लाव नाहीतर न लाव. सोने, हे म्हणजे तिकीट काढून गाडीमागून चालत गेल्यासारखं आहे. वर थंड खोलीला भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते आणि तिचे पैसे घरमालक अनामत रकमेतून मागू शकतो. दिवसातून दोनदा खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्यायची, लगेच लावायची आणि मूठ तीनवर. एवढंच. वर्षाअखेर शंभर-दोनशे युरो जादा आले तर मला कळव. तेवढं अजून मी बघू शकतो.

तू म्हणशील, बाबांना थंडीतलं काय कळतं. दहिवडीत काय थंडी! पण मुक्कामी गाडीतली थंडी मला माहीत आहे. कुळकजाईला मुक्काम असायचा तेव्हा डोंगरावरनं वारं थेट गाडीत यायचं. काच पूर्ण लागायची नाही. तीन माणसांच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपायचो. शर्टाच्या आत छातीला वर्तमानपत्र गुंडाळायचो, पेपरनं वारं अडतं. सगळ्या माण तालुक्यात घोंगडी विणतात, म्हसवडच्या बाजारात ढीग लागलेले असतात, आणि मी एक घोंगडं घेतलं नाही. या हिवाळ्यात नको, पुढच्या हिवाळ्यात बघू. असे चार हिवाळे काढले. तेव्हा काही झालं नाही. आता थंडी पडली की रात्री खोकला येतो आणि आई उठून पाणी गरम करते, ते तू लहानपणापासून ऐकत आलीस. तू विचारायचीस, बाबा का खोकतात? धुळीनं, असं मी सांगायचो.

बघ, हीटरवरच आलो.

बाकीचं थोडक्यात लिहितो. रोख पैसे देऊन, कागदावर न घेता कुणी काम दिलं तर जाऊ नकोस. तासाला दोन युरो जास्त देतो म्हणाला तरी नाही. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम, हा नियम आहे, त्याची तारीखवार नोंद ठेव. साधी वही कर, मी करून देतो हवी तर. लाखमोलाचा कागद म्हणजे तुझा परवाना, तो दोन युरोंसाठी जायला नको. कुणाला उसने देऊ नकोस. “आत्ता घ्या, नंतर भरा” अशा कुठल्याही खरेदीच्या नादाला लागू नकोस. पेटीत आलेलं पत्र, जर्मन कळो न कळो, फोडल्याशिवाय ठेवू नकोस, दंड पत्रातूनच येतो असं तो पुतण्या म्हणाला. शनिवारी बाजार करून ठेवत जा, रविवारी दुकानं बंद…

हे सगळं तुला ठाऊक आहे. तूच मला सांगितलेलं मी तुला परत सांगतोय. राग मानू नकोस. इतक्या लांबून माझ्या हातात दुसरं काही नाही.

बाटल्यांचंही डोक्यात आहे. दिवाळीनंतर हसत हसत सांगितलंस, पार्टी झाल्यावर उरलेल्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशिनात घातल्या आणि पावणेपाच युरो मिळाले. आम्हीही हसलो. मग मी हिशेब केला, पंचवीस सेंटला एक, म्हणजे १९ बाटल्या. कष्टाच्या पैशात लाज नसते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त त्या १९ बाटल्या घेऊन तू थंडीत चालत गेलीस की ट्रामनं, हे विचारायचं राहून गेलं.

आजची तारीख मुद्दाम वर लिहिली आहे. १९८२ साली याच तारखेला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तुझे आजोबा होते. अण्णा मुंबईला गेले ७२ च्या दुष्काळात. इथे आम्ही खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी खात होतो. अण्णांची दर महिन्याला शंभर रुपयांची मनिऑर्डर यायची. खाली कुपनावर दोन ओळींची जागा असायची, त्यात ते कायम एकच लिहायचे, “येथील सर्व क्षेम. काळजी नसावी.” ती कुपनं आजीनं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती.

१९७९ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा लालबागला गेलो, चौदा वर्षांचा होतो. दहा बाय बाराच्या खोलीत अठरा माणसं. निम्मे दिवसपाळीला, निम्मे रातपाळीला, म्हणून सगळ्यांना पाठ टेकायला जागा मिळायची. प्रत्येकाच्या मालकीची एक ट्रंक आणि भिंतीतला एक खिळा. अण्णांच्या खिळ्याला एक सदरा, एक पिशवी आणि तुळशीची माळ. मी ज्या खानावळीत जेवलो तिथल्या बाई मला वाढता वाढता म्हणाल्या, “तुझा बाप लई देवभोळा रं. सोमवार, गुरुवार, शनिवार, आठवड्याला तीन उपास.” मी चक्रावलो. गावाकडं अण्णांनी एकादशीसुद्धा धरलेली मी पाहिली नव्हती. घरी आल्यावर आजीला सांगितलं. ती काही बोलली नाही. डबा काढून कुपनं एकेक करून चुलीपुढे वाचत बसली. तिला वाचता येत नव्हतं, नुसती धरून बघत होती.

सोने, डिसेंबरात तू दोनदा म्हणालीस, “आज माझा गुरुवार आहे.” आईला केवढा आनंद झाला, परदेशात जाऊनही पोर देवाधर्माचं करते. मीही त्या वेळी हो हो म्हटलं. पण ज्या रात्री हिशेब मांडला त्या रात्री मला तो खिळा दिसला. तू इथे कधी उपास धरलास? वटपौर्णिमेला आईच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी आधी तू खायचीस.

म्हणून ओरडलो. पैशांवर नाही ओरडलो. तुझी मनिऑर्डर आली, आणि खालच्या दोन ओळी मला वाचता आल्या.

तुझा उपास खरंच श्रद्धेचा असेल तर मला माफ कर. बापानं लेकीच्या देवावर शंका घेऊ नये.

तू पाठवलेला त्या कार्ल मार्क्सच्या डोक्याचा फोटो मी मोठा करून घेतलाय. सात मीटरचं नुसतं डोकं, खाली तू अंगठ्याएवढी. अण्णा असते तर त्यांनी चेहरा लगेच ओळखला असता, लाल बावट्याच्या कचेरीत भिंतीवर तोच होता. तुझ्या त्या केमनित्स गावाचं नावच आधी त्याच्यावरून होतं असं तू लिहिलंस तेव्हा मला वाटलं, अण्णांची नात बरोबर ठिकाणी गेली. संपानंतर ते गावी परतले ते कायमचेच. ट्रंक आणली, माळ आणली. जे कमावलं ते सगळं आम्ही इथे खाऊन बसलो होतो, त्यांच्या अंगाला काही लागलं नव्हतं. हे मी कुणाशी बोललेलो नाही, तुझ्या आईशीसुद्धा.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलंय, साताऱ्याला, सरकारी दवाखान्यात. त्याला पैसे लागत नाहीत. भिंग, औषधं, गाडीभाडं धरून जे काही होईल ते माझं मी करीन. पेन्शन थोडी आहे पण वेळेवर येते, आणि पुढच्या महिन्यापासून शाळेच्या बसवर मला बोलावलंय. तुझे पैसे मोडलेले नाहीत. आई म्हणते, परत पाठवू नका, पोरीची पहिली कमाई आहे, तिला लागेल. बरोबर आहे तिचं. त्यातले हजार रुपये मात्र मी खर्च केले, हे सांगायला हवं. म्हसवडच्या बाजारातून एक घोंगडं आणलं. तुला पाठवावं म्हणून आणलं होतं, पण पार्सलचा दर ऐकून परत घेऊन आलो. सध्या तुझ्या कॉटवर घातलंय. उन्हाळ्यात तिकडे कुणी जाणार असेल तर त्याच्याबरोबर देतो.

तोवर जर्किनवर भागवू नकोस. उद्या सकाळी उठलीस की त्या मुठीचा एक फोटो पाठव. आकडा दिसला पाहिजे.

कळावे,
तुझे बाबा

ता. क. – फोटो काढून झाला की मूठ परत फुलावर नेऊ नकोस.