लाल पाणी आणि पांढरं मांस

लातूर,
दि. ६ मे

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. पोरगा नेदरलँड्सहून फोनवर सांगायलाय की कोंबडी धुऊ नका, आणि वहिनी म्हणतात, बिनधुतलेलं माझ्या घशाखाली उतरायचं नाही. वर त्यानं विचारलंय, तिथं वासराचं मांस मिळतं ते खावं का. दोन्ही प्रश्न तू माझ्याकडं पाठवलेस, बरं केलंस. मला तर ते एकाच भ्रमातून आलेले दिसतात. मांस पांढरं दिसलं की आपण त्याला स्वच्छ म्हणतो, कवळं म्हणतो.

आधी धुण्याचं बघू. मटणाला सुटणारं लाल पाणी म्हणजे रक्त नव्हे. रक्त कापतानाच बहुतेक वाहून गेलेलं असतं. मागं राहतं ते मायोग्लोबिन, स्नायूत प्राणवायू साठवून ठेवणारं प्रथिन. त्यात लोह असतं म्हणून रंग लाल, आणि ते पाण्यात विरघळतं म्हणून पाणी लाल. चार-पाच पाण्यांनी धुऊन मटण पांढरंफटक केलं की त्यातली चव मोरीत जाते. शिवाय निथळतं मटण तेलात टाकलं की ते परतलं जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडत बसतं. मसाला वरवर राहतो आणि तर्री येत नाही.

आता जंतू. कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोन नेहमीचे. पाण्यानं ते निघत नाहीत, मांसाला चिकटून असतात. मीठ, हळद, लिंबू, दही यांनी वास मोडतो, मांस मुरतं, पण जंतू मारायला ते पुरे पडत नाहीत. त्यांना मारते ती आच. कोंबडीचा सगळ्यात जाड तुकडा आतून ७४ अंशाला पोचला की काम झालं, आणि कुकरात तर १२० अंशाच्या जवळपास उष्णता असते. म्हणजे ज्या जंतूंसाठी आपण धुतो, ते शिजताना तसेही मरणारच असतात. धुतल्यानं एवढंच होतं की ते पातेल्याऐवजी घरभर जातात.

अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१९ साली हे तपासून बघितलं. कोंबडीला ओळखू येईल असा निरुपद्रवी जिवाणू मुद्दाम लावला आणि लोकांना कोंबडी रांधायला व सोबत सॅलड करायला सांगितलं. धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो जिवाणू सापडला. सिंक घासल्यावरही १४ टक्क्यांच्या सिंकमध्ये तो उरला, आणि २६ टक्क्यांच्या सॅलडमध्ये पोचला. पण पोराला याची दुसरी बाजूही सांग. ज्यांनी कोंबडी धुतलीच नाही, त्यांच्यातल्याही ३१ टक्क्यांच्या सॅलडमध्ये तो गेलाच, कारण हात नीट धुतले नव्हते. नुसतं न धुणं पुरेसं नाही.

आपल्याकडं सिंकपेक्षा दोन जागा जास्त घातक आहेत. पहिली, साठवणीच्या पाण्याची. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, म्हणून पाणी पिंपात. मटण चोळता चोळता त्याच हातानं तांब्या पिंपात बुडवला की पुढचे आठ दिवस सगळं घर तेच पाणी वापरणार. दुसरी जागा विळी. मटणाचे तुकडे बारीक केले, विळी वरवर विसळली आणि तिच्यावरच कांदा, काकडी, कोथिंबीर चिरली. रस्सा चांगला उकळलेला असतो, त्याची भीती नाही. भाकरीबरोबर कच्चा खातो त्या कांद्याची आहे. म्हणून कांदा, लिंबू, कोथिंबीर आधी चिरून झाकून ठेवायची आणि मांसाला सगळ्यात शेवटी हात लावायचा. एवढा क्रम पाळला तरी अर्धं काम होतं.

वहिनींचं मात्र सगळंच चूक नाही. न धुण्याचा सल्ला थंड पेटीत, पाकिटबंद विकल्या जाणाऱ्या मांसासाठी दिलेला आहे. आपल्या दुकानात मटण उघड्यावर टांगलेलं असतं आणि लाकडी ठोकळ्यावर सत्तूरनं तुटतं. त्याला हाडाचे कण, केस, लाकडाचा भुसा लागलेला असतो. ते काढावंच लागतं, दाताखाली हाडाची कपची आली तर दात जायचा. मग असं करा. धुवायला लागणारं पाणी आधीच वेगळ्या बादलीत काढून पिंपावर झाकण टाका. किलोभर मटणाला खोल पातेल्यात दीड-दोन लिटर पाणी घ्या, मटण त्यात अलगद सोडा, हातानं हलवून कण खाली बसू द्या, तुकडे वर उचलून चाळणीत निथळा. एकदाच. वरून धार सोडायची नाही, पाणी उंचावरून ओतायचं नाही. लगेच दीड चमचा मीठ, एक चमचा हळद आणि आलं-लसूण चोळून चुलीवर. ते पाणी मोरीत हळू, खालून ओता. तिथं घासलेली भांडी उपडी पडलेली नकोत. पातेलं, चाळणी, विळी, मोरी आधी साबणानं घासायची, मग लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा बिनवासाचं लिक्विड ब्लीच घालून ते त्यावर दहा मिनिटं राहू द्यायचं. हात साबणानं वीस सेकंद. कोंबडी तर नुसती निवडून ओल्या स्वच्छ फडक्यानं टिपली तरी भागतं. फडकं लगेच उकळत्या पाण्यात.

वजडी आणि मुंडी-पाय यांना हा नियम लागू नाही. वजडी धुवायलाच पाहिजे. चुना लावून, गरम पाण्यात घालून, खरवडून, आतला काळा पापुद्रा निघेपर्यंत. ते काम अंगणात करावं, चुलीपाशी नको.

आणि बघ, मे महिना आहे. ३२ अंशाच्या वर कच्चं असो की शिजलेलं, मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. आपल्याकडं दुपारी चाळिशी ओलांडायलीय. सकाळी आणलेलं मटण पिशवीत तसंच लोंबकळत ठेवलं तर मग धुण्या-न धुण्याला काही अर्थ राहत नाही.

आता वासराचं. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्यायली की निम्मी वासरं नर. दुधाच्या जातीचा नर गोठ्याला नको असतो. युरोपातला वासराच्या मांसाचा धंदा या नकोशा नरांवर उभा आहे, आणि त्यात नेदरलँड्स पुढे आहे. गिऱ्हाइकाला मांस फिकट हवं, म्हणून वासराला पाच-सहा महिने मुख्यतः दुधाच्या भुकटीवर वाढवतात आणि लोह कमी देतात. मघाशी सांगितलेलं मायोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही. म्हणजे त्या पांढरेपणासाठी जनावर ठरवून पंडुरोगी ठेवायचं. पूर्वी त्याला वळताही येणार नाही अशा लाकडी खोक्यात ठेवत. ब्रिटननं ती खोकी १९९० साली बंद केली, युरोपीय संघात २००७ पासून बंद आहेत. आता तिथं आठ आठवड्यांनंतर वासरू एकटं कोंडता येत नाही आणि थोडं चाऱ्याचं खाणंही द्यावं लागतं. फरक पडला, पण रंगाचा हट्ट गेला नाही.

पोराला सांग, मांसावर अक्षर बघ. 'व्ही' म्हणजे आठ महिन्यांच्या आतलं, 'झेड' म्हणजे आठ ते बारा महिन्यांचं. दुसऱ्याला तिथं रोझे म्हणतात, ते गुलाबी असतं, कारण वासरानं चारा खाल्लेला असतो. खायचंच असेल तर ते. माझं मत विचारशील तर पांढरं खाऊ नये. आजारी ठेवूनच जी चव मिळते, ती मागायची कशाला?

तू म्हणशील, आपल्याकडं हा प्रश्नच नाही. १९७६ च्या कायद्यानं राज्यात गाय आणि तिचं वासरू कापायला बंदी, २०१५ पासून बैलालाही. पण म्हशीच्या हल्याचं, म्हणजे नर रेडकाचं काय? त्याला बऱ्याचदा कापतही नाहीत, नुसता उपाशी मारतात. पहिल्या आठवड्यापासून आचळ तोडायचं, दूध डेअरीला घालायचं आणि हल्या दावणीला हगवणीनं मरू द्यायचा. कापून खाणाऱ्यापेक्षा हे मला जास्त वाईट वाटतं, गड्या, आणि यात तुझ्या-माझ्या चहाचाही वाटा आहे.

बोकडाचंही तेच. दुकानात 'कवळं द्या' म्हणून अडून बसू नको. २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे तीन महिन्यांच्या आतलं जनावर कापता येत नाही, आणि इतक्या लहान पिलात हाडंच जास्त. आपली उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी नावाजलेली. तिचं पिल्लू वर्षभर चरू दिलं तर शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात आणि मटणाला चव येते. दात बघून घे. सगळे दुधाचे दात असले तर अदाती, वर्षाच्या आतबाहेरचं. पुढचे दोन पडून मोठे आले तर दोन दाती, वर्ष-सव्वा वर्षाच्या पुढचं. दोन दातीला कुकरच्या दोन-तीन शिट्ट्या जास्त लागतात, एवढंच.

तुमची म्हैस आषाढात व्यायची आहे ना? तेव्हा वार पडायची वाट बघू नका, तासा-दोन तासात चीक पाजा. तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीन लिटर, तीन-चार वेळा मिळून. खरवस त्यातून उरलं तर. नाळेला टिंक्चर आयोडिन लावा. पुढं पहिला महिनाभर रोज वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध. जंत आईच्या दुधातूनही येतात, म्हणून दहाव्या ते पंधराव्या दिवसात डॉक्टरला विचारून पायपरेझिन पाजा, नाहीतर पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि वासरू हगवणीनं जातं. वगार, म्हणजे मादी झाली तर हे सगळं तुम्ही करालच. हल्या झाला तरी करा आणि मला कळव.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
विठ्ठल