हॉकीच्या समालोचकाशेजारी शिकाऊ माणूस बसवा

मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, यांस

स. न. वि. वि.

रेडिओवरून वर्षानुवर्षे हॉकीचे धावते समालोचन करणारे एक ज्येष्ठ समालोचक नुकतेच निवृत्त झाले. नाव छापलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. त्यांच्या सत्काराची मागणी करायलाही हे पत्र नाही. त्यांचे कसब त्यांच्याबरोबरच घरी गेले, ते शिकून घेतलेले मागे कोणी नाही, हे आपल्या कानावर घालायचे आहे.

क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे बोलायला उसंत मिळते. हॉकीत ती नाही. खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात, त्यामुळे मैदानावरचे अकरा सतत वेगळे असतात आणि समालोचकाला पाठीवरच्या क्रमांकावरून, कधी नुसत्या धावण्याच्या लकबीवरून माणूस ओळखावा लागतो. ऐकणाऱ्याला आधी हवे असते चेंडू कुठे आहे, मग तो कोणाकडे आहे. हा क्रम चुकला की श्रोता हरवतो.

पेनल्टी कॉर्नर घ्या, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीमुळे समोरच्या संघाला गोलजवळून मिळणारी संधी. तयारीला चाळीस सेकंद मिळतात. चेंडू आत कोण ढकलणार, अडवणार कोण, ड्रॅग-फ्लिकला, म्हणजे चेंडू काठीने ओढत गोलाकडे वेगाने फेकायला, कोण उभा आहे, गोलरेषेमागे गोलरक्षकासह कोणते पाच जण आहेत, हे सगळे त्या चाळीस सेकंदांत सांगून झाले पाहिजे. एकदा चेंडू सुटला की 'ढकलला, अडवला, मारला' एवढ्याच शब्दांना जागा असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये ५ ऑगस्ट २०२१ रोजी आपण जर्मनीविरुद्ध ५-४ असे पुढे होतो आणि अवघे काही सेकंद उरले असताना जर्मनीला कॉर्नर मिळाला. आपला गोलरक्षक श्रीजेश याने तो अडवला आणि ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आले. असा क्षण डोळ्यांनी पाहणे वेगळे आणि न दिसणाऱ्या माणसाला दाखवणे वेगळे. ते पुस्तक वाचून येत नाही. जाणत्या माणसाशेजारी बसून, त्याने श्वास कुठे घेतला हे ऐकत ऐकतच येते.

आपल्याकडे याची परंपरा मोठी आहे. गांधीजींच्या अंत्ययात्रेचे आकाशवाणीवरचे मेलव्हिल डिमेलो यांचे समालोचन ऐकून पुढे नामवंत हिंदी समालोचक झालेले जसदेव सिंग या वाटेला आले. क्वालालंपूरला १५ मार्च १९७५ रोजी आपण पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा टीव्ही फारच थोड्या घरांत होता. अशोककुमारचा तो वादग्रस्त गोल बहुतेक देशाने जसदेवजींच्या आवाजातच 'पाहिला'. सरकारने त्यांना पद्मश्री दिली, पुढे पद्मभूषणही दिले. २०१८ मध्ये ते गेले. सन्मान झाला, याचे समाधान आहेच. पण पुरस्काराने पुढचा समालोचक तयार होत नाही.

आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती स्वायत्त आहे, असे उत्तर येईल याची कल्पना आहे. तरी तिचे अनुदान आपल्याच मंत्रालयाकडून जाते. महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला द्यावे, असा कायदा सरकारने २००७ मध्ये केला. सामना लोकांपर्यंत पोहोचावा ही सरकारचीच इच्छा असेल, तर तो सांगणारी माणसे घडवणे हेही त्याच कामात येते. हॉकीच्या प्रत्येक मोठ्या सामन्याला समालोचन कक्षात एका शिकाऊ माणसाची जागा ठेवा, त्याला प्रवासखर्च आणि मानधन द्या, आणि सुरुवातीला माईक बंद ठेवून त्याच्याकडून सराव करून घ्या. खर्च फार नाही.

यात मराठीलाही वाटा मिळावा. क्रिकेटला मराठीत बाळ ज. पंडित लाभले. धनराज पिल्लेसारखा खेळाडू पुण्याच्या खडकीतून निघाला, पण हॉकीला तसा मराठी आवाज मला तरी रेडिओवर कधी ऐकायला मिळाला नाही. खडकीच्या पोराने आपल्या भाषेत हॉकी का ऐकू नये?

ज्यांच्याविषयी लिहिले ते समालोचक आजही खणखणीत बोलतात आणि जुने सामने क्रमांकांसकट सांगतात. शिकवायला बोलावले तर येतील, असे त्यांनी स्वतः मला सांगितले आहे. त्यांना आणि त्यांच्या पिढीतल्या इतरांना या वर्षीच, योग्य मानधन देऊन बोलवावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
हॉकीचा एक श्रोता