‘शॉर्टसर्किट’ लिहिण्यापूर्वी एक भागाकार आणि एक गुणाकार

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घराला किंवा दुकानाला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे वाक्य बहुधा ठरलेले असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी अनेक वर्षे वीजतंत्री हा व्यवसाय शिकवला. त्या अनुभवावरून सांगावेसे वाटते की, या एकाच शब्दाखाली दोन अगदी भिन्न घटना झाकल्या जातात आणि त्यांतली जी अधिक छुपी आहे, तिच्याविषयी वाचकांना काहीच कळत नाही. फरक समजून घ्यायला शाळेत शिकवला जाणारा ओहमचा नियम (प्रवाह म्हणजे व्होल्ट भागिले रोध) पुरेसा आहे.

शॉर्टसर्किट म्हणजे फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) यांच्यातला रोध जवळजवळ नाहीसा होणे. २३० व्होल्टला अशा नगण्य रोधाने भागले की प्रवाह शेकडो अँपिअरवर जातो आणि एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारी कळ, डोळ्याचे पाते लवण्याआत पडते. फ्यूजमध्ये कोणी जाड तांब्याची तार गुंडाळून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. पण संरक्षण ठीक असेल तर ही घटना स्वतःच स्वतःला थांबवते.

दुसरी घटना म्हणजे सैल जोड, आणि ती माझ्याच घरात घडली. न्हाणीघरातल्या गिझरच्या प्लगचा पांढरा रंग तपकिरी पडला होता आणि पाणी तापवताना जळकट वास येत होता. गिझर २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेणारा; त्याच्या कॉइलचा रोध सुमारे २६.५ ओहम. गिझर चालू ठेवून क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजला, तो ८.५ अँपिअर भरला. मग सॉकेटमागच्या स्क्रूखालची तार आणि ती जिथे घट्ट बसायला हवी ती पितळी पट्टी, या दोहोंमधला विद्युतदाब (व्होल्ट) मोजला. तिथे शून्याच्या आसपास आकडा दिसायला हवा होता, दिसले ४.३ व्होल्ट.

आता भागाकार करावा : ४.३ भागिले ८.५ म्हणजे त्या जोडाचा रोध अर्धा ओहम. आणि गुणाकार : ४.३ गुणिले ८.५ म्हणजे त्या जोडावर उष्णतेत जाणारी सुमारे ३६ वॅट शक्ती. सुटे भाग जोडायला वापरतात ती साधी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. तिच्याहून अधिक उष्णता शेंगदाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या डबीत, रोज सकाळी पाणी तापेपर्यंत निर्माण होत होती. उष्णतेने पितळेवर काळा थर चढतो, त्याने रोध वाढतो, वाढलेला रोध आणखी उष्णता निर्माण करतो, आणि हे चक्र वाढतच जाते.

या सगळ्यात एमसीबी का पडली नाही, हा प्रश्न माझ्या शेजाऱ्यांनीही विचारला. उत्तर आकड्यांतच आहे. एकूण रोध २६.५ वरून २७ ओहम झाला, म्हणजे प्रवाह ८.७ वरून ८.५ अँपिअरवर उतरला. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तर परिस्थिती सुधारलीच! गळतीवर लक्ष ठेवणारे आरसीसीबीसुद्धा इथे गप्प बसते, कारण फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो. गिझरची शक्ती जेमतेम चार टक्क्यांनी घटली होती. पाणी अर्धे मिनिट उशिरा तापले तर घरात कोणाच्या लक्षात येणार?

उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हेही इथे विसरून चालत नाही. त्याच सैल सॉकेटवर ९ वॅटचा एलईडी दिवा लावला असता तर जोडावर एका वॅटचा हजारावा भागही पडला नसता, आणि तो सॉकेट वर्षानुवर्षे निर्दोष वाटला असता. ‘इतकी वर्षे चालतंय की’ असे म्हणून जुन्या सॉकेटवर गिझर, एसी किंवा इंडक्शन शेगडी जोडणाऱ्यांनी म्हणूनच सावध राहावे.

मल्टिमीटरवर थेट ओहम मोजून हा दोष बहुधा सापडत नाही, कारण मीटरच्या वायरींचाच रोध तेवढा भरतो आणि थंड जोड वेगळे वागतो. भार चालू ठेवून व्होल्ट आणि अँपिअर मोजावे लागतात. हे काम चालू विजेवरचे आहे, ते परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे. घरच्यांनी एवढे करावे : प्लगचा बदललेला रंग, वास किंवा हाताला लागणारा चटका जाणवला की मेन स्विच बंद करून त्याला बोलवावे.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की, कारण निश्चित नसेल तेव्हा ‘विजेच्या जोडणीतील दोषाची शक्यता’ असे लिहावे, आणि विद्युत निरीक्षकांचा अहवाल आल्यावर त्यातले कारण त्याच ठळकपणे छापावे. नववी-दहावीच्या विज्ञान शिक्षकांनीही ओहमच्या नियमावर उदाहरण घालताना काल्पनिक परिपथासोबत गिझर आणि सैल सॉकेट यांचे हे गणित एकदा फळ्यावर सोडवून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, सातारा