अकरा विजय आणि दोन पराभव

महोदय,

पक्षांतराच्या बातम्या रोज वाचताना गणपतराव देशमुख यांची कारकीर्द हटकून आठवते. १९६२ मध्ये सांगोल्यातून प्रथम निवडून आलेले आबा त्याच मतदारसंघातून, शेतकरी कामगार पक्षाचेच उमेदवार म्हणून, २०१४ पर्यंत ११ वेळा विधानसभेत गेले. या विजयांचे कौतुक पुष्कळ झाले. मला मात्र त्यांचे दोन पराभव अधिक बोलके वाटतात. १९७२ मध्ये हरल्यावर ते १९७४ ची पोटनिवडणूक जिंकून परतले आणि १९९५ मध्ये थोडक्या मतांनी पडल्यावरही, आपला पक्ष आक्रसत चालला असताना, १९९९ मध्ये त्याच पक्षाकडून पुन्हा उभे राहून जिंकले. निवडणूककाळात आपण उमेदवारांची मालमत्ता छापता. त्याशेजारी त्यांनी आजवर बदललेले पक्षही सालवार छापावेत, ही विनंती.

– एक वाचक