ऑइल कमी पडलं तर मिसळा, पण जात बघून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाळप हंगाम तोंडावर आला आहे. आमच्या कराड भागात गॅरेजांसमोर ट्रॅक्टर लागले आहेत, जो तो ऑइल बदलून घेतोय. दरवर्षी याच सुमारास मोबाइलवर एक मजकूर फिरतो: दोन कंपन्यांचं किंवा दोन ग्रेडचं, म्हणजे घट्टपणाच्या दोन वेगळ्या नंबरांचं, इंजिन ऑइल एकत्र झालं की त्याचा चिखल होतो आणि इंजिन जाम होतं. माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात झाली. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी चांगली इंजिनं गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे पत्र.

मागच्या हंगामात आमच्या भावकीतला एक पोरगा डबल ट्रॉली घेऊन कारखान्याच्या गाडीतळावर होता. डिपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. शेजारच्या ड्रायव्हरनं २०डब्ल्यू-४० चा कॅन पुढे केला. याच्या ट्रॅक्टरमध्ये १५डब्ल्यू-४०. मिसळलं तर इंजिन जाईल या भीतीनं यानं तो घेतला नाही, तसाच निघाला, आणि गाव गाठायच्या आत क्रँकची बेअरिंगं गेली. ऐन हंगामात ट्रॅक्टर उघडून पडला, वाहतुकीची उचल अंगावर राहिली. त्या कॅनमधलं अर्धा लिटर ओतलं असतं तर खेपा चालू राहिल्या असत्या.

या आकड्यांचा अर्थ एकदा नीट समजून घ्यावा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. तेवढी थंडी आमच्याकडे कधी पडत नाही. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनाचा. १०० अंशांला ४० नंबरच्या ऑइलचा घट्टपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या मध्ये असावा लागतो, मग त्याआधी १५डब्ल्यू असो वा २०डब्ल्यू. म्हणजे त्या पोराला देऊ केलेलं ऑइल गरम इंजिनात त्याच्या स्वतःच्या ऑइलसारखंच चाललं असतं. ३० आणि ५० नंबर जरी एकत्र झाले तरी मिश्रण दोहोंच्या मधे कुठेतरी बसतं, जरा पातळाकडे झुकून. सिंथेटिक आणि साधं ऑइलही एकमेकांत विरघळतं, फाटत नाही. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या मानकात बसणाऱ्या ऑइलला दुसऱ्या ऑइलांत मिसळून ते वेगळं पडत नाही, हे चाचणीत दाखवावंच लागतं. एरंडेलापासून केलेली शर्यतीच्या गाड्यांची ऑइलं याला अपवाद, पण ती आपल्याकडच्या दुकानात कोण ठेवतो?

मिसळणं ही कायमची सवय करू नये, हेही तितकंच खरं. प्रत्येक कंपनीचा रसायनांचा मसाला वेगळा असतो आणि दोन मसाले एकत्र किती तास टिकतील हे कुणी तपासलेलं नसतं. अडीनडीला मिसळावं, आणि नेहमीच्या मुदतीआधी सगळं काढून नवं भरावं. पातळी मात्र एक तासही खाली ठेवू नये. पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागला की बेअरिंगला काहीच मिळत नाही.

खरं नुकसान होतं ते ऑइलची जात चुकल्यावर, आणि त्याबद्दल मोबाइलवर कुणी अक्षर लिहीत नाही.

ट्रॅक्टरचंच घ्या. ऑइलमध्ये बुडालेल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरला गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि ब्रेक यांना मिळून यूटीटीओ नावाचं ऑइल लागतं. त्यात इंजिन ऑइल ओतलं तर ब्रेकच्या प्लेटा थरथरतात, कर्कश वाजतात, नीट धरत नाहीत. मागे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, समोर उतार आणि कडेनं सायकलवरून शाळेला निघालेली पोरं, असा आमचा रस्ता आहे. हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण घरोघरी ही दोन्ही ऑइलं लेबल फाटलेल्या एकसारख्या कॅनमध्ये शेजारी शेजारी ठेवलेली असतात.

मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडलेला असतो, म्हणून तिला कॅनवर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल हवं. स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी चालतं. एमबी किंवा मोटारीचं पातळ, घर्षण कमी करणारं ऑइल मोटारसायकलमध्ये गेलं की क्लच घसरू शकतो. दोन्ही कॅनवर १०डब्ल्यू-३० हाच आकडा असू शकतो, आणि माणूस फक्त तोच वाचतो.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल पिकअपचं दुखणं आणखी निराळं. सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळून जाते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती तिथेच बसते. म्हणून कमी राखेचं ऑइल लागतं. ट्रॅक्टरचं उरलेलं जुन्या प्रतीचं ऑइल त्यात रोज थोडं थोडं घालत गेलं तर फिल्टर वेळेआधी भरतो, आणि नव्या फिल्टरची किंमत ऐकून शेतकऱ्याचं तोंड उतरतं.

माझ्या दोन विनंत्या आहेत. साखर कारखान्यांनी वाहतूक करार करताना प्रत्येक गाडीमालकाकडून इंजिनाचं आणि ब्रेक-हायड्रॉलिकचं ऑइल कोणतं, हे पुस्तिकेत बघून लिहून घ्यावं. तीच ओळ ठळक रंगात टाकीच्या झाकणाजवळ रंगवून घ्यावी, म्हणजे रात्री दोन वाजता गाडीतळावर बदली ड्रायव्हरलाही ती बॅटरीच्या उजेडात वाचता येईल. गॅरेजवाल्यांनी बिलावर नुसतं ‘ऑइल’ न लिहिता ग्रेडचा आकडा आणि कॅनवरची प्रत (एपीआय, जासो वगैरे) दोन्ही लिहावी. कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत आपल्या शेतीच्या पानावर एवढी माहिती चौकटीत छापलीत, तर ती कापून मी स्वतः आमच्या गाडीतळावरच्या चहाच्या टपरीत लावीन.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, ता. कराड, जि. सातारा