थंडीत बूम लिफ्ट सुरू करण्याच्या तोंडी सल्ल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि सुरक्षा विभाग प्रमुख,

विषय: शून्याखालील तापमानात डिझेल बूम लिफ्ट (लांब यांत्रिक हाताच्या टोकाला असलेल्या बास्केटमधून माणसाला उंचावर नेणारे यंत्र) सुरू करण्याबाबत हेल्पलाइनने दिलेला धोकादायक सल्ला आणि तो लेखी देण्यास दिलेला नकार.

महोदय,

आपल्या हेल्पलाइनवरचा फोन आत्ताच ठेवला आहे आणि झालेले बोलणे शब्दशः लक्षात असतानाच हे पत्र लिहीत आहे. यंत्र आपलेच आहे, त्यामुळे त्याची रचना समजावून सांगत बसत नाही. तापमान शून्याखाली १५ अंशांवर गेले की इंजिन सेल्फ घेते पण पेटत नाही. पेटलेच तर बूम, म्हणजे बास्केट उचलणारा हात, झटके देत हलते, पंपातून खरखर आवाज येतो आणि जॉयस्टिक सोडल्यावरही बास्केट क्षणभर पुढे सरकत राहते. या शेवटच्या दोषाची नोंद मी प्रत्येक फोनवर आग्रहाने करायला लावली, कारण बास्केटमध्ये माणूस उभा असतो आणि त्याच्या डोक्यावर तुळई असते.

आजच्या फोनवर आपल्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारला, तो असा: "तुमच्या ऑपरेटरला चावी फिरवता येते ना?" आमचा ऑपरेटर प्रशिक्षित आणि प्रमाणपत्रधारक आहे. खालचे आणि बास्केटमधले असे दोन्ही इमर्जन्सी स्टॉप बाहेर ओढलेले होते, फूट स्विचवर पाय नव्हता, ग्लो प्लगचा, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिनाचे सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचा, दिवा विझेपर्यंत तो थांबला होता आणि प्रत्येक प्रयत्नानंतर सेल्फ मोटर थंड होऊ देत होता. हे सर्व मी शांतपणे सांगितले. त्यावर "मॅन्युअल वाचा" असे उत्तर मिळाले. मॅन्युअल माझ्यासमोर उघडेच होते, म्हणून थंडीतल्या स्टार्टिंगवर त्यात असलेले एकमेव वाक्य मी त्यांना वाचून दाखवले: दिवा विझल्यावर इंजिन सुरू करा. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "एअर फिल्टरच्या तोंडाशी स्टार्टिंग स्प्रे मारा, सगळे तेच करतात."

या इंजिनात ग्लो प्लग आहेत, हे आपल्या सेवा विभागातल्या माणसाला माहीत असायलाच हवे. त्या स्प्रेमधले ईथर साधारण १६० ते १८० अंशांना आपोआप पेट घेते आणि तापलेल्या ग्लो प्लगचे टोक ८०० अंशांच्याही पुढे जाते. पिस्टन वर येण्याआधीच स्फोट झाला तर पिस्टन आणि रिंग फुटतात, आणि ज्वाळ इनटेकमधून उलटली तर ती स्प्रे धरलेल्या माणसाच्या तोंडावर येते. मी एवढेच म्हटले की हा सल्ला मला ईमेलवर पाठवा. त्यांचे उत्तर असे होते: "असे लेखी देता येत नाही." का, असे विचारल्यावर, "कंपनीचे धोरण आहे." मी पुन्हा विचारले की जे धोरणात बसत नाही ते माझ्या माणसाने का करावे, तेव्हा त्यांनी "दुसरा ग्राहक लाइनवर आहे" असे सांगून फोन ठेवला.

जो सल्ला कागदावर लिहायला कंपनी धजत नाही, तो माझ्या माणसाच्या जिवावर तोंडी दिला जातो. माझी मुख्य तक्रार हीच आहे आणि यंत्राचे दोष त्यानंतर येतात.

तरीही त्या दोषांबद्दल लिहिणे भाग आहे. टाकीत आपण भरून दिलेले हायड्रॉलिक तेल ४६ श्रेणीचे आहे, म्हणजे त्याची विष्यंदिता (वाहण्याला होणारा विरोध, अर्थात घट्टपणा) ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक असते. शून्य अंशांवर हेच तेल दहा पटींहून अधिक घट्ट होते आणि त्याखाली आणखी घट्ट होत जाते. असे तेल पंपाला नीट ओढता येत नाही, त्यातून पोकळ्या तयार होतात आणि मी कळवलेली खरखर त्याच्याशी तंतोतंत जुळते. थंड प्रदेशासाठी पातळ तेल, टाकीचा हीटर आणि इंजिन ब्लॉक हीटर या गोष्टी आपल्याकडे उपलब्ध आहेत, हे मला अगदी अलीकडे आपल्याच सुटे भाग विभागाकडून कळले. यंत्र कोणत्या हवामानात चालणार हे मागणीपत्रात स्पष्ट लिहिलेले असूनही विक्रीच्या वेळी यातले काहीही सांगितले गेले नाही. डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो, म्हणून हिवाळी प्रतीचे डिझेल वापरण्याची काळजी आम्ही स्वतःहून घेतली. मॅन्युअलमध्ये त्याचाही उल्लेख नाही.

बॅटरीचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. शून्याखाली १८ अंशांच्या आसपास लेड-ॲसिड बॅटरीची सेल्फ फिरवण्याची ताकद जेमतेम निम्मी उरते आणि इंजिन फिरवायला मात्र नेहमीपेक्षा कितीतरी अधिक जोर लागतो. या यंत्रात इंजिन बंद पडल्यावर बास्केट खाली आणणारा आपत्कालीन पंपही त्याच बॅटरीवर चालतो. पहाटे सेल्फ मारून मारून अर्धमेली झालेली बॅटरी घेऊन माणूस वर गेला आणि वरच इंजिन बंद पडले, तर थंडीने घट्ट झालेल्या तेलावर तो पंप बूम खाली आणू शकेल का? हा प्रश्न मी प्रत्येक फोनवर विचारला आहे. "तसे सहसा होत नाही" यापलीकडे उत्तर मिळालेले नाही, आणि उंचीवर अडकलेल्या माणसाला त्या उत्तराचा काही उपयोग नाही.

बास्केटवर वाऱ्याची मर्यादा १२.५ मीटर प्रति सेकंद अशी ठळक छापलेली आहे. तापमानाची मर्यादा मात्र यंत्रावर किंवा मॅन्युअलमध्ये कुठेही नाही. "काम करता करता तेल तापेल" असे मागच्या एका फोनवर सांगण्यात आले. माणूस वर पाठवून तेल तापवायचे नसते. इंजिन संथ गतीवर पुरेसे तापल्यावर, खालच्या कंट्रोलवरून, रिकाम्या बास्केटसह बूमची प्रत्येक हालचाल हळूहळू करून पाहावी, मर्यादा स्विचवरचा बर्फ काढावा, यंत्र कलल्यावर वाजणारा इशारा आणि आपत्कालीन पंप तपासावा, आणि जॉयस्टिक सोडताच बूम थांबते याची खात्री झाल्यावरच हार्नेस अडकवून माणसाने वर जावे, असा क्रम आम्ही स्वतः ठरवून पाळत आहोत. तो निर्मात्याने लिहून द्यायला हवा होता.

आपल्या कंपनीचे नाव पाहून, स्वस्त पर्याय समोर असताना, आम्ही हे यंत्र घेतले. त्या नावावरचा माझा विश्वास आज राहिलेला नाही, आणि हे लिहिताना मला खरोखर वाईट वाटते.

मला अधिकृत सहीचे लेखी उत्तर हवे आहे. त्यात यंत्राची किमान तापमानमर्यादा, तेलाची श्रेणी, गरम होऊ देण्याचा किमान वेळ आणि त्या तापमानात आपत्कालीन पंप चालतो याची हमी असावी. स्टार्टिंग स्प्रेचा सल्ला चुकीचा होता, हेही त्यात स्पष्ट लिहावे आणि तो ज्या ज्या ग्राहकांना दिला गेला असेल त्यांना कळवावे. हीटर आपल्या खर्चाने बसवून द्यावेत. उत्तर येईपर्यंत यंत्र चावी काढून उभे राहील. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास फोनच्या नोंदींसह हे पत्र कामगार सुरक्षा निरीक्षकांकडे आणि ग्राहक न्यायालयात दाखल करीन.

कळावे,
आपल्या बूम लिफ्टचा मालक